सातव्या मजल्याचं बटण

घंटा वाजली, पुन्हा वाजली, आणि मग थांबायचं नावच घेईना. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. हाताला साबण तसाच ठेवून ओरडले, "आले, आले! घर पेटलंय का?"

बाहेरच्या खोलीत आमचे हे त्यांच्या खुर्चीत बसले होते आणि भिंतीवरच्या पट्टीची बटणं एकामागून एक दाबत होते. दाबलेल्या बटणात दिवा लागत होता, पण आवाज कशाचाच येत नव्हता. तळमजला दाबला, गप्प. तिसरा दाबला, गप्प. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पसरले.

"स्पीकरची वायर निघाली असेल," मी म्हटलं.

वायर जागच्या जागी होती. एक गाणं लावून पाहिलं, तर बाई खणखणीत गायला लागली. मग मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे नीट बघितलं. मधोमध एक हिरवीगार बरोबरची खूण होती आणि खाली लिहिलं होतं, 'सर्व धोके दूर केले आहेत. तुमचा संगणक आता सुरक्षित आहे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालंय ते मला तिथंच कळलं.

लिफ्टची पट्टी घरात भिंतीवर कशी आली, ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही म्हातारा-म्हातारी कसले खेळ खेळताहेत.

हे लिफ्ट मेकॅनिक. सगळी नोकरी लोकांच्या इमारतींच्या पोटात गेली. हे वर मशीनच्या खोलीत, जोडीदार खाली खड्ड्यात, आणि मधल्या अंधाऱ्या भुयारातून एकमेकांना हाका. त्यामुळे ह्यांचा आवाज तसलाच झाला होता. जेवताना मीठ मागितलं, तर शेजारीण मीठ घेऊन दारात उभी राहायची. मी आयुष्यभर म्हणत आले, "अहो, हळू बोला, मी बहिरी नाही." मेलं माझं तोंड! घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल.

त्या दिवशी आम्ही घरी आलो. मी दारातच रडायला लागले, तर म्हणाले, "रडतेस काय? गळा माझा कापणारेत." दुसऱ्या दिवशी भंगारातून लिफ्टच्या आतली एक जुनी पट्टी घेऊन आले. तळमजला ते सातवा मजला, आणि खाली लाल घंटेचं बटण. संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासचे एक मास्तर ओळखीचे होते, त्यांना गाठलं. एक जुना कीबोर्ड उघडून त्याच्या तारा ह्यांनी पट्टीच्या बटणांना जोडल्या आणि मास्तरांनी प्रोग्राम लिहून दिला. बटण दाबलं, की ठरलेलं वाक्य ह्यांच्या आवाजात ऐकू यायचं. बटणातल्या दिव्यांची आणि घंटेची वायर तेवढी वेगळी ठेवली होती. हे म्हणाले, "वीज असेपर्यंत घंटा तरी वाजली पाहिजे. लिफ्टचा नियम आहे."

वाक्यं बोलायची होती, तर रस्त्याचा गोंगाट आत येत होता. मग हे रजयांच्या कपाटात शिरून बसले, दार लावून घेतलं आणि एकटेच आत ओरडत राहिले. मी बाहेरून म्हटलं, "जरा गोड बोला की. पुढे जन्मभर हेच ऐकायचंय मला."

आतून उत्तर आलं, "जन्मभर गोड बोललो नाही. आता बोललो, तर तुला वाटेल घरात दुसराच कुणी शिरलाय."

आणि बोलले तसंच. तळमजला म्हणजे 'अगं, इकडे ये.' पहिला 'हो.' दुसरा 'नाही. एकदा सांगितलं ना, नाही!' तिसरा 'चहा ठेव. साखर बेताची.' चौथा खास मुलासाठी. तो दर रविवारी फोन करतो, तेव्हा दाबायचा: 'गाढवा, जेवलास का?' पाचवा 'पंखा कमी कर.' सहावा भेटायला येणाऱ्यांसाठी: 'मला काहीही झालेलं नाही. तुमचं सांगा.'

सातव्यावर काय आहे, ते मला सांगितलं नाही. ऑपरेशन झालं, हे घरी आले, आणि औषधाच्या वेळेवरून आमचं वाजलं. म्हणजे वाजवत होते मी एकटीच. हे उठले, तरातरा पट्टीपाशी गेले आणि सातवा दाबला. 'तुझंच बरोबर.'

मी खाली बसले. उभ्या जन्मात ह्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं. गळा कापायच्या आधी कपाटात बसून बोलून ठेवलं होतं. नंतरही सातवा फार दाबायचे नाहीत, तिसऱ्याला मात्र उसंत नसायची.

दवाखान्यातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. डब्यात भुंगा अडकल्यासारखा आवाज यायचा. ह्यांनी एकदा लावलं, दुसऱ्यांदा लावलं, आणि खणात ठेवून दिलं ते आजतागायत तिथंच आहे.

आता अँटीव्हायरसचं सांगते.

मी घरी कपडे शिवते, दुरुस्तीचीही कामं घेते. गिऱ्हाइकांना द्यायचा एक कागद छापायला म्हणून पेनड्राइव्ह कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला आणि काय काय घाण घेऊन आला देव जाणे. कॉम्प्युटर उघडला की जाहिराती नाचायला लागल्या. मग काय, ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, फुकटातलं टाका, सगळी सारखीच." खालचा चष्मेवाला म्हणाला, "फुकटातलं चुकूनही टाकू नका, सगळ्यात महागडं घ्या." शेजारीण म्हणाली, तिच्या भाच्याने दोन-दोन टाकलीत, एकाला दिसलं नाही तर दुसऱ्याला दिसेल म्हणून. त्या भाच्याचा कॉम्प्युटर त्या दोघांच्या भांडणात बसला तो उठलाच नाही, हे तिनं नंतर सांगितलं.

मी स्वतः दुकानात गेले आणि काउंटरवरच्याला सरळ विचारलं, "हे काही पुसायच्या आधी विचारतं का?"

"कुणाला?"

"मला! घर माझं आहे ना?"

तो हसला. "काकू, लोकांना न विचारणारं हवं असतं. कटकट नको असते."

"लोकांना हवं ते लोकांना द्या. मला विचारणारं दाखवा."

त्यानं नाक मुरडत एक साधंसं दाखवलं. घरी आणून मास्तरांकडून बसवून घेतलं. पहिल्याच सकाळी पडद्यावर चौकट आली: 'हा प्रोग्राम ओळखीचा नाही. चालू द्यायचा का?' बघते तर काय, ह्यांच्याच बटणांच्या प्रोग्रामवर संशय! मास्तर म्हणाले, "काकू, त्याचं चूक नाही. आपला प्रोग्राम सारखा बटणांवर कान ठेवून असतो. चोरांचे प्रोग्रामही तेच करतात, तुम्ही पासवर्ड काय दाबता ते ऐकायला. त्यात आपल्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का नाही. राखणदार विचारणारच."

एकदाच सांगून कायमची परवानगी द्यायचीही सोय होती. मी दिली नाही. मला ते विचारणं आवडायला लागलं होतं. रोज सकाळी चौकट यायची, मी म्हणायचे, "ओळखीचा आहे रे बाबा, चांगला ओळखीचा आहे," आणि 'होय' दाबायचे. लगेच मागून तिसरं बटण ठणाणायचं. 'चहा ठेव. साखर बेताची.' आमचा दिवस असा सुरू व्हायचा.

परवा संध्याकाळी मुलगा आला. मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करतो. हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. काल सकाळी त्यानं ती चौकट पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"आई, हे काय? रोज विचारतं?"

"रोज."

"आणि तू रोज 'होय' दाबतेस?"

"दाबते. तुझे बाबा आहेत ते."

"अगं पण तू सगळ्यालाच 'होय' दाबणार! तुला काय कळणार कशाला दाबायचं आणि कशाला नाही? मग राखणदार ठेवून उपयोग काय?" तो हसत म्हणाला, पण म्हणाला. "याला काढून टाकू. आमच्या ऑफिसात वापरतात ते टाकतो. ते तुला काही विचारणार नाही. वाईट दिसलं की आपलं आपण काढून टाकेल."

"मला विचारणारंच हवंय."

"आई, प्लीज. हट्ट करू नकोस. उद्या बँकेचं काही झालं म्हणजे मलाच धावावं लागेल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पहिला मजला दाबला. 'हो.' मुलाला बाप लगेच हो म्हणतो. माझ्या वेळी दुसरा मजला.

मग घरातले सगळे पेनड्राइव्ह आण म्हणाला. माझ्या शिवणाच्या बटणांच्या डब्यात असतात. त्यात एक लाल दोरा बांधलेला. मास्तरांनी बजावलं होतं, आवाज दोन ठिकाणी ठेवा, म्हणून दुसरी प्रत त्यात. मी तो मुठीत धरला. "याला हात लावू नकोस. यात ह्यांचा आवाज आहे."

"फक्त तपासतोय गं. मी कशाला पुसू बाबांचा आवाज? वेडी आहेस का?"

दिला मी. आईच ना शेवटी! त्याच्या हातावर ठेवला मी तो.

तपासणी भलतीच लांबली. त्याच्या गाडीची वेळ झाली. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "चालू राहू दे. बंद करू नकोस, पेनड्राइव्ह काढू नकोस. सकाळपर्यंत सगळं चकाचक होईल."

झालं ना चकाचक!

मी फोन लावला. त्यानं उचलला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग गेली खड्ड्यात. बाबांची बटणं बोलत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या त्या शहाण्यानं न विचारता त्यांचा प्रोग्राम पुसला. लाल दोऱ्याचा पेनड्राइव्हही रिकामा आहे. मी उघडून बघितला."

तो बाहेर आला असावा, कारण आवाज एकदम मोठा झाला. "थांब, थांब. घाबरू नकोस. असं पुसत नाहीत ते, आधी जप्त करून बाजूला ठेवतात. मी सांगतो तसं कर. डावीकडे 'जप्त फायली' दिसतंय? दाब."

दाबलं. पांढराफटक पडदा. खाली 'काहीही नाही'.

"काहीही नाही म्हणतंय."

"नीट बघ."

"मला वाचता येतं!"

मग तो म्हणाला, "आई... मीच ते... जागा भरू नये म्हणून मी ते 'थेट नष्ट करा'वर ठेवलं होतं. ऑफिसात तसंच ठेवतो आम्ही."

"हे ऑफिस आहे का? हे ऑफिस आहे का रे? तुझ्या बापाचा गळा आहे तो!"

मी फोन आपटला. पट्टीपाशी हे बसले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. ऐकू येण्यात काहीच बिघाड नाही त्यांच्या.

पण मी हातपाय गाळून बसणाऱ्यातली नाही. त्या अँटीव्हायरसच्या कंपनीला फोन केला. आधी एका मशीननं मला हा आकडा दाबायला लावला, तो आकडा दाबायला लावला. मग एक मुलगी बोलली, साखरेच्या पाकासारखी. तिनं तिकडून काहीतरी तपासलं आणि म्हणाली, "मॅडम, अभिनंदन. तुमचा संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे."

"अगं बाई, माझ्या नवऱ्याचा आवाज पुसलाय तुम्ही."

"मॅडम, तो एक संशयास्पद प्रोग्राम होता. तुमचं काही नुकसान होण्याआधीच तो काढला गेला आहे."

"माझं नुकसान तुम्ही ठरवणार?"

"आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, मॅडम?"

मी काय दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग मास्तरांना लावला. ते आता दुसऱ्या गावी असतात. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकू, प्रोग्रामची काळजी करू नका, तो मी दोन दिवसांत पुन्हा लिहून देतो. पण आवाज माझ्याकडे नाही. वाक्यं प्रोग्रामच्या आतच भरली होती, वेगळी राहिली तर हरवतील म्हणून. ती तुमच्याकडेच होती."

"मग आता?"

"काका पुन्हा बोलू शकले असते तर..." असं म्हणून ते थांबले, आणि बिचारे माफी मागायला लागले.

दुपारभर मी फोनमधले जुने व्हिडिओ धुंडाळले. कुठल्याही प्रसंगात चित्रण करायला हेच पुढे, आणि कॅमेरा ह्यांच्या हातात म्हणजे तोंड बंद, लिफ्ट उघडून बसल्यासारखं सगळं लक्ष त्यात. नातीच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत सगळ्यांचे आवाज आहेत. माझा आहे, विहीणबाईंचा आहे, कुणाच्या तरी कुत्र्याचाही आहे. अगदी शेवटी, चित्र हलतं तेव्हा, हे खोकले. तेवढंच सापडलं. एक खोकला. तो मी पुन्हा पुन्हा ऐकला आणि मग मला माझाच राग आला, कारण आता विचार केला तर तो खोकला त्या गाठीचाच असणार.

ह्यांनी पाटी घेतली. गरज पडली की तिच्यावर लिहितात. लिहिलं, 'जाऊ दे.'

मी पाटी त्यांच्या हातातून ओढली आणि पदरानं पुसून टाकली. "जाऊ दे म्हणे! तुमचं काय जातंय? तुम्ही तुमचा आवाज ऐकून कंटाळलात. ऐकणारी मी होते. सकाळी 'चहा ठेव' कोण म्हणणार? आणि चिडायचं नाही म्हणता? माझ्या घरात येऊन मला न विचारता माझ्याच माणसाला अनोळखी ठरवतात, आणि मी चिडायचं नाही? मी रोज सांगत होते ना त्याला, ओळखीचा आहे म्हणून?"

ह्यांनी पाटी परत घेतली आणि कोरीच मांडीवर ठेवली. रडू येत होतं, ते मी येऊ दिलं नाही. शिवणाच्या यंत्रावर बसले आणि एका गिऱ्हाइकाची पँट एवढी जोरात शिवली की सुई मोडली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी उचलणारच नव्हते. ह्यांनी घंटा वाजवली, मग उचलला आणि नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला.

"आई."

मी यंत्रातली मोडलेली सुई काढत बसले.

"आई, मी ऑफिसात सगळ्यांना विचारलं. डिस्कवरून काही परत मिळतं का म्हणून एकाकडे चौकशी केली. पण त्या सॉफ्टवेअरनं पुसलेल्या जागेवर दुसरंच काहीतरी लिहिलंय... नाही निघणार म्हणाला." त्याचा आवाज चिरकला. "आई, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"विचारलं असतंस, तर कळलं असतं," मी म्हटलं. "एवढंच करायचं होतं. विचारायचं. मी सांगितलं असतं ना तुला."

"हो."

"तू म्हणालास, तुला काय कळणार."

लहानपणी मार बसल्यावर नाक ओढायचा, तसं ओढलेलं ऐकू आलं. मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मला वाटलं, रडू दे, चांगला रडू दे. फोन ठेवून देण्यासाठी मी हात पुढे केला.

तेवढ्यात हे उठले आणि पट्टीपाशी गेले. बोट चौथ्या मजल्यावर ठेवलं आणि दाबलं. दिवा लागला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

"बाबा आहेत का गं तिथं?" मुलानं विचारलं. "रागावलेत का फार? काय म्हणताहेत?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बोट काढून पुन्हा दाबलं आणि हनुवटीनं मला फोनकडे खूण केली. मी मान हलवली, नाही. माझ्या तोंडात दुसरीच वाक्यं होती, दिवसभर घोळवून धार लावलेली. ह्यांनी तिसऱ्यांदा दाबलं. आता त्यांचे ओठही हलत होते.

बोलणं त्यांचं होतं. ते गिळायचा मला काय अधिकार? न विचारता ह्यांचं वाक्य पुसून टाकणारे एकदा येऊन गेले होते, तेवढे पुरे होते.

मी घसा खाकरला. आवाज जितका मोठा करता आला तितका केला, मशीनच्या खोलीतून खाली खड्ड्यात हाक मारतात तसा, आणि म्हटलं, "गाढवा, जेवलास का?"

मग तो हुंदके देत म्हणाला, "नाही, बाबा."

"मग जेव," मी म्हटलं. हे पट्टीवर नव्हतं, माझं होतं. आणि फोन ठेवला.

शेजारीण दारात आली होती. "काय हो, एवढ्या मोठ्यानं कोण ओरडलं?" मी तिला म्हटलं, काही नाही, मुलाचा फोन होता, आणि दार लावून घेतलं.

वळले, तर हे अजून पट्टीपाशीच उभे होते. बोट आता सगळ्यात वर, सातव्या मजल्यावर होतं. माझ्याकडे बघत त्यांनी ते दाबलं. दिवा लागला.

बाकीची सगळी वाक्यं मी म्हणू शकले असते. पंख्याचं म्हणाले असते, साखरेचं म्हणाले असते. हे एक मला माझ्या तोंडानं म्हणता येईना.

"अहो, बल्ब जाईल," मी म्हटलं. "काढा बोट."

त्यांनी बोट काढलं नाही.